चकचकीत तार, कोरा रकाना

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. आठवीत जाईपर्यंत मला ‘एकोणसाठ’ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन हे कळत नसे, आणि आमच्या भाजीवाल्या मावशी त्यावरून मनसोक्त हसत. त्यामुळे मी मराठी विभागात लेख देणार म्हटल्यावर विंगमधल्या मुलींनी ‘तू? मराठीत?’ असं म्हणून डोळे मोठे केले. विषय ऐकल्यावर तर एकीनं सरळ कपाळाला हात लावला. विषय आहे पोलादाची तार. ती ओढतात कशी, आणि ओढण्याच्या पद्धतीनं तिचं बरं-वाईट कसं होतं.

पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कारण ज्या काकांनी मला हा विषय खऱ्या अर्थानं शिकवला ते मराठीतच शिकवत होते. आणि ज्या चुकीबद्दल मला लिहायचं आहे, ती कबूल करायला हीच भाषा बरी वाटली. चूक माझीच आहे. ती पुढे येईलच.

आपल्याकडे वायर ड्रॉइंग म्हणजे काय? मॅन्युफॅक्चरिंगच्या पुस्तकातली दोन पानं. एक आकृती, दोन बाण, एक फॉर्म्युला आणि परीक्षेत ‘शॉर्ट नोट लिहा’. आमच्या बॅचनं आकृती काढली, बाण दाखवले, मार्क घेतले आणि विषय संपला. मीही त्यातलीच. मला चांगले मार्क होते, हे इथं मुद्दाम सांगते.

खरं तर तार ओढणं आपल्याला अजिबात परकं नाही. लहानपणी आजीबरोबर सोनाराकडे गेला असाल तर आठवून बघा. त्याच्याकडे पोलादाची एक पट्टी असते, तिला ओळीनं भोकं, एकापेक्षा एक बारीक. सोन्याच्या काडीचं टोक कानशीनं निमुळतं करायचं, भोकातून पलीकडे काढायचं, पकडीत धरायचं आणि ओढायचं. मग पुढचं भोक. मधेच काडी कडक झाली की तापवून नरम करायची आणि परत ओढायची. वायर मिलमध्येही हेच चालतं. पट्टीच्या जागी टंगस्टन कार्बाइडची डाय, सोनाराच्या हाताच्या जागी मोटरवर फिरणारा ड्रम, ज्याला तिथं ‘ब्लॉक’ म्हणतात. आणि तारेचा वेग सेकंदाला कित्येक मीटर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अशाच एका कंपनीत चार आठवडे इन-प्लांट ट्रेनिंग केलं. कंपनीचं नाव सांगायचं कारण नाही, कारण हा लेख कंपनीबद्दल नाही. मला क्वालिटीच्या खोलीत बसवलं होतं. काम सोपं. प्रत्येक कॉइलचं टोक कापून आणायचं, व्यास मोजायचा, ओढून तोडायचं, पिळून तोडायचं आणि रजिस्टरमध्ये रीडिंग लिहायचं. शेडमध्ये सात ब्लॉकचं मशीन होतं. त्यावर होते आमचे काका. तीस वर्षं तार ओढलेला माणूस. मला ‘मॅडम’ म्हणायला लागले तेव्हा मी म्हटलं, ‘काका, ताई म्हणा की.’ तेव्हापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘ताई, साडेपाचच्या रॉडची अडीच मिलिमीटरची तार करायचीय. एकाच डायमधून का नाही काढत?’ मी म्हटलं, ‘तुटेल.’ ‘का तुटेल?’ इथं माझी बोबडी वळली.

उत्तर असं आहे. साडेपाच मिलिमीटरवरून अडीचवर यायचं म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ ७९ टक्क्यांनी कमी करायचं. लोखंड कुठं पळून जात नाही, त्यामुळे एक मीटर रॉडची ४.८४ मीटर तार होते. पण जी ताकद लावून आपण ओढतो, ती सगळी डायच्या पुढं निघालेली बारीक तारच सोसत असते. अजिबात घर्षण नाही आणि तार ओढताना कडक होत नाही असं धरलं, तरी हिशेब सांगतो की एका पासमध्ये ६३ टक्क्यांपेक्षा जास्त घट शक्य नाही. त्याच्या पुढं गेलं तर डायमधून तार सरकण्याऐवजी पुढची तारच ताणली जाऊन तुटेल. प्रत्यक्षात घर्षण असतंच, म्हणून जास्त कार्बनच्या पोलादाला एका पासमध्ये साधारण १५ ते २५ टक्केच घेतात. सात डाय लावल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला २० टक्के येतात. झालं ना गणित?

आणखी एक गंमत. आपण म्हणतो तार ‘ओढतात’, पण ती बारीक होते ती दाबानं. पुढून ओढलं की तार डायच्या उतरत्या भिंतींवर दाबली जाते, आणि त्या भिंती तिला चारही बाजूंनी आत ढकलतात. ओढणं हे निमित्त. आपल्या सिलॅबसमधल्या आकृतीत हे असतं, फक्त आम्ही तिथं लक्ष न देता बाण काढून मोकळे झालो.

आता मुद्द्याकडे येते. रॉड तोच, कार्बन तोच, शेवटचा व्यास तोच, ओढून तोडल्यावर ताकदही साधारण तीच. तरीही एक तार चांगली आणि दुसरी वाईट असू शकते. कारण ती कशी ओढली याची आठवण तारेच्या पोटात राहते. ती आठवण वरून दिसत नाही. दोन्ही तारा सारख्याच चकचकीत.

पहिली आठवण डायच्या कोनाची आणि प्रत्येक पासमधल्या घटीची. आपल्याला वाटतं, हळूहळू थोडं थोडं ओढलं तर तारेला त्रास कमी. मलाही तसंच वाटायचं. पण डायचा कोन मोठा आणि घट छोटी असेल तर होतं उलटंच. डाय तारेच्या फक्त कातडीवर काम करते. बाहेरचा थर पुढं सरकतो, गाभा मागं राहतो, आणि बाहेरचा थर गाभ्याला ओढत नेतो. म्हणजे बाहेरून दाब आणि आत ताण. हे मोजायला ‘डेल्टा’ नावाचा एक आकडा आहे: डायमध्ये तारेची सरासरी जाडी भागिले डायला ती जितकी लांब चिकटते ती लांबी. डायचा पूर्ण कोन १२ अंश असेल आणि घट २० टक्के असेल तर डेल्टा साधारण १.९ येतो. तीच डाय, पण घट १० टक्के, तर तो ४ च्या जवळ जातो. डेल्टा जितका मोठा, तितका वायफळ कामाचा वाटा जास्त. मटेरिअल आधी एका बाजूला वाकतं, मग परत सरळ होतं, आणि त्यात ऊर्जा जाते, तारेचा लवचिकपणा जातो, पण व्यास काही त्यामुळं कमी होत नाही.

आणि फार झालं तर गाभ्यात बाणाच्या टोकासारख्या छोट्या भेगा पडतात. एकामागून एक, ठरावीक अंतरावर. बाहेरून तार आरशासारखी. पुढं कधीतरी ती तुटते, तेव्हा एका तुकड्याचं टोक शंकूसारखं आणि दुसऱ्याचं वाटीसारखं निघतं. काकांनी मला असं एक जुनं टोक ड्रॉवरमधून काढून दाखवलं. ते त्यांनी जपून ठेवलं होतं. म्हणाले, ‘हिचं वरून काही चुकलेलं नव्हतं.’

उलट डेल्टा फार लहान केला, म्हणजे कोन अगदी बारीक आणि डायशी संपर्क लांबलचक, तर घर्षण वाढतं, साबण टिकत नाही आणि डाय झिजते. म्हणून मधला मार्ग. पास शेड्यूल बसवणं म्हणजे हा मधला मार्ग शोधणं. त्यात कोणी घाईघाईनं एक डाय बदलली आणि पुढच्या डायची घट सहजच १० टक्क्यांवर आली, तर कागदावर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

दुसरी आठवण वंगणाची. रॉडवरची काळी खपली आधी ॲसिडनं काढतात. मग फॉस्फेटचा थर देतात, म्हणजे साबणाला धरायला जागा मिळते. डायच्या आधी साबणाच्या पावडरीची पेटी असते, तिच्यातून तार जाते. कपड्याचा साबण नव्हे हं, सोडिअम किंवा कॅल्शिअम स्टिअरेट. हा पातळ थर मधे आहे तोवर पोलाद कार्बाइडला घासत नाही. तो तुटला की तारेवर ओरखडे येतात. त्याहून वाईट म्हणजे घर्षणानं कातडीचा एक बारीक थर क्षणभरात लालबुंद होण्याइतका तापतो, आणि आतल्या थंड पोलादामुळे लगेच गार होतो. म्हणजे आपण लॅबमध्ये क्वेंचिंग करतो तसंच. तिथं मार्टेन्साइट तयार होतं. काचेसारखा कडक, ठिसूळ थर. त्यात पहिली भेग पडायला फार वाट बघावी लागत नाही. यावर उपायही शोधलेले आहेत. १९५५ साली ख्रिस्टोफरसन आणि नेलर यांनी डायच्या अलीकडे एक अरुंद नळी जोडून दाखवली. तार स्वतःच वंगण आत खेचते, नळीत दाब वाढतो, आणि डायमध्ये वंगणाचा जाड थर पोहोचतो. काही ठिकाणी डायऐवजी फिरणारे छोटे रोल लावतात. रोल फिरतात, त्यामुळे घासणं कमी आणि ते वायफळ कामही कमी, पण तारेचा गोलपणा डायइतका नीट येत नाही. म्हणजे प्रत्येक पद्धत काहीतरी देते आणि काहीतरी घेते.

तिसरी आठवण उष्णतेची, आणि माझी गोष्ट इथंच सुरू होते.

तार ओढायला जी ऊर्जा लागते, तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन तारेतच राहतो. हिशेब अगदी सोपा आहे. ओढण्याचा ताण ४०० मेगापास्कल धरा. त्याला पोलादाच्या घनतेनं, म्हणजे ७८५० नं भागा, आणि विशिष्ट उष्णतेनं, म्हणजे साधारण ४८० नं भागा. उत्तर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. एका पासमध्ये! सात पास आहेत. मधे थंड केलं नाही तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून ब्लॉकच्या आतून पाणी खेळवतात, आणि तार पुढच्या डायमध्ये जायच्या आधी ब्लॉकवर काही वेढे घेऊन निवते. मशीनचा वेग वाढवला तर निवायला वेळ कमी मिळतो.

तार फार तापली तर वितळत वगैरे नाही. बिघाड सूक्ष्म असतो. दोनशे अंशांच्या आसपास गेल्यावर पोलादातले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू झपाट्यानं हलायला लागतात आणि ओढण्यामुळे तयार झालेल्या डिस्लोकेशनपाशी जाऊन बसतात. त्यांना जखडून टाकतात. याला स्ट्रेन एजिंग म्हणतात. याचा परिणाम काय? तारेची टेन्साइल स्ट्रेंग्थ वाढते! नीट वाचा, वाढते. आणि पीळ सोसायची शक्ती कमी होते. म्हणजे आपण सगळ्यात जास्त जिच्यावर विश्वास ठेवतो ती टेस्ट सांगते ‘तार सुधारली’, आणि तार खरी बिघडलेली असते.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. मे महिना, शेडमध्ये भट्टीसारखं ऊन. कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट येत होतं, त्यात शेवटून दुसऱ्या ब्लॉकची पाण्याची लाइन गाळानं अर्धी तुंबली होती. हे नंतर कळलं. मी माझ्या खोलीत पंख्याखाली. तीन कॉइलची टोकं टेबलावर आली. व्यास मोजला, बरोबर. ओढून तोडली. रोज १८१० ते १८३० मेगापास्कल यायचं, त्या दिवशी १८९० आलं. मला वाटलं, वा! आज माल मस्त आहे.

मग पिळायची टेस्ट. ही आयएस १७१७ मधली टेस्ट. तारेच्या व्यासाच्या शंभर पट लांबीचा तुकडा दोन पकडींत धरायचा, एक टोक फिरवायचं आणि तुटेपर्यंत किती फेरे घेतले ते मोजायचं. तुकडा सरळ करा, पकडीत बसवा, वजन लावा, फेरे मोजा. एकाला पाच-सात मिनिटं. जेवणाची सुट्टी व्हायला वीस मिनिटं होती. आदल्या दोन दिवसांत प्रत्येक कॉइलला २७ किंवा २८ फेरे आले होते. मी रजिस्टर उघडलं आणि तीन रकान्यांत लिहिलं: २८, २७, २८. शेजारी ‘ओके’. आणि डबा घेऊन जेवायला गेले.

मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी दबाव आणला नव्हता. साहेब तर जागेवरही नव्हते. हात आपोआप चालला. तो कुठं शिकला ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण कॉमन रूममध्ये बसून हेच करतो. एकीचं रीडिंग, पंधराजणींची जर्नलं. सगळ्यांना एकच उत्तर आलं तर सरांना कळेल म्हणून शेवटचा आकडा एक-दोननं बदलायचा. २८, २७, २८.

जेवण झाल्यावर काका आले. म्हणाले, ‘ताई, आज तारेचा वास बघितला का? साबण करपतोय. ब्लॉकवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होतंय. ते पीळ किती आले?’ मी सांगितलं, सत्तावीस-अठ्ठावीस. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ‘माझ्यासमोर एक पिळून दाखव की.’

मी तुकडा लावला. नवव्या फेऱ्याला बारीक ‘टिक’ असा आवाज आला. चांगली तार पिळल्यावर आडवी तुटते, सुरीनं कापल्यासारखी सपाट. ही तार उभी चिरली. पिळाबरोबर गोल गोल जाणारी चीर, टोकापासून टोकापर्यंत. उसाचं चिपाड पिळल्यावर फाटतं ना, तशी. दुसरा तुकडा अकरा फेऱ्यांना. तिसरा परत नऊ.

काकांनी रजिस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘तुम्ही शिकलेली माणसं. आम्ही वास सांगितला तर कोणी ऐकत नाही, तुम्ही आकडा लिहिला की सगळे ऐकतात. मग आकडा तरी खरा लिहा की.’

मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं. ते चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. मशीन थांबवलं, लाइन साफ केली, वेग कमी केला. दोन कॉइल शेडमध्येच होत्या, त्यांना लाल पाटी लागली. तिसरी दुपारीच टेम्पोतून गेली होती, माझ्या ‘ओके’वर. साहेबांनी फोन लावला, परत मागवली म्हणाले. ती परत आलेली मी पाहिली नाही. शुक्रवारी आठवडी सुट्टी, पुढच्या आठवड्यात मला पॅकिंगला पाठवलं आणि मग ट्रेनिंग संपलं. ती तार कुठल्या स्प्रिंगमध्ये गेली का, कुठं वळवली गेली का, मला माहीत नाही. आपल्या हॉस्टेलच्या जिन्यावरून रात्री उतरताना मला अजून कधी कधी ते आठवतं.

परत आल्यावर मी लायब्ररीत या विषयावर वाचायला लागले, तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची गोष्ट सापडली. पुलाचं डिझाइन जॉन रोबलिंग यांचं, बांधकाम त्यांचा मुलगा वॉशिंग्टन रोबलिंग यांनी पूर्ण केलं. ते आजारी पडल्यावर त्यांची बायको एमिली हिनं साइटशी सगळा संपर्क सांभाळला. (मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा.) झुलत्या पुलाच्या केबलसाठी पोलादाची तार वापरण्याचं हे सुरुवातीचं मोठं काम. तारेचा ठेका होता जे. लॉइड हेग या माणसाकडे. तपासनीस त्याच्या कारखान्यात जाऊन तार तपासत, चांगली निघाली की सर्टिफिकेट देत. मग गाडी पुलाकडे निघे. वाटेत चांगली तार उतरवून नापास तार चढवली जाई, आणि चांगली तार मागल्या दारानं परत तपासणीला. तीच चांगली तार पुन्हा पुन्हा पास होत होती! १८७८ साली हे उघडकीला आलं, तोवर बरीच खराब तार केबलमध्ये गुंफली गेली होती. ती बाहेर काढणं शक्य नव्हतं. रोबलिंगनं मुळातच केबल सहापट मजबूत धरली होती, ती आता पाचपट उरली असा हिशेब करून प्रत्येक केबलमध्ये हेगच्या खर्चानं १५० चांगल्या तारा जास्त घातल्या. पूल १८८३ साली खुला झाला आणि आजही उभा आहे. खराब तार आजही त्याच्या पोटात आहे.

वाचताना मी हेगला भरपूर नावं ठेवली. मग लक्षात आलं की एका चांगल्या नमुन्यावर दहा सर्टिफिकेटं घेणं आणि एका रीडिंगवर पंधरा जर्नलं लिहिणं, यात हेतूचा फरक आहे, पद्धतीचा नाही. हेगनं पैशासाठी केलं, मी जेवणाच्या डब्यासाठी. तारेला दोन्ही सारखंच.

आता माझं मत स्पष्ट मांडते. पटलं नाही तर भांडायला या, ‘डी’ विंगमध्ये राहते.

एक. तारेचा दर्जा फक्त टेन्साइल स्ट्रेंग्थवर ठरवणं चूक आहे. ताकद हा एक आकडा वेगवेगळ्या रस्त्यांनी गाठता येतो. पेटंटिंग नीट करून, म्हणजे रॉड ९०० अंशांच्या वर तापवून ५०० ते ५५० अंशांच्या वितळलेल्या शिशात बुडवून बारीक पर्लाइट मिळवून, मग बेताबेतानं ओढून गाठता येतो. (१८५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलनं याचं पेटंट घेतलं, म्हणून या हीट ट्रीटमेंटचं नावच ‘पेटंटिंग’ पडलं.) आणि तार तापवून, जखडून टाकूनही तो गाठता येतो. पहिली तार वळते, पिळते, हजारो वेळा हिंदकळते. दुसरी फक्त कागदावर चांगली असते. म्हणून पीळ आणि वाकवण्याच्या टेस्टचे रकाने हे शोभेचे नाहीत. तार कशी ओढली याचा साक्षीदार तेवढाच आहे.

दोन. कंपनीतले लोक म्हणतील, ‘बाई, वेग कमी करून पोट भरतं का? गिऱ्हाईक स्वस्त मागतं.’ हे खोटं नाही. वेग हा शत्रू आहे असं मीही म्हणत नाही. पाणी नीट खेळत असेल, पास शेड्यूल बरोबर असेल, साबण टिकत असेल तर तीच तार वेगानंही चांगली निघते. त्या गुरुवारी गडबड वेगाची एकट्याची नव्हती. पाणी कमी झालं तरी वेग तोच राहिला, ही होती. आणि ते कळायला लागणारी टेस्ट सात मिनिटांची होती. सात मिनिटांनी कुठल्याही कंपनीचं दिवाळं निघत नाही.

तीन, आणि हे जरा भीत भीतच लिहिते, कारण हा अंक सर आणि मॅडमही वाचतात. आपल्या लॅबमध्ये पिळायचं मशीन आहे. कव्हर घालून कोपऱ्यात उभं आहे. वायर ड्रॉइंगचा चॅप्टर शिकवताना ते एकदा उघडावं, ही नम्र विनंती. बाजारातून चार प्रकारच्या तारा आणाव्यात, सायकलच्या ब्रेकची, स्प्रिंगची, छताच्या सळया बांधायची, आणि आमच्या गच्चीवरच्या कपडे वाळत घालायची. आम्हाला पिळू द्याव्यात. प्रत्येकीचं रीडिंग वेगळं येईल. ते वेगळंच येऊ द्यावं. आम्ही रीडिंग जुळवतो कारण न जुळलेलं रीडिंग दाखवलं की ‘परत कर’ असं उत्तर मिळतं. न जुळणाऱ्या रीडिंगला ‘का आलं असेल, लिहा’ असं म्हणून दोन मार्क जास्त मिळायला लागले, तर कॉमन रूममधली जर्नलची फॅक्टरी आपोआप बंद पडेल असं मला वाटतं.

आणि चार, आपल्या सगळ्यांसाठी. आपण म्हणतो, ‘अगं जर्नलच तर आहे, याच्यावर कुठं पूल उभा राहणार आहे?’ बरोबर आहे, जर्नलवर पूल उभा राहत नाही. पण हाताला सवय लागते. चार वर्षं, आठ सेमिस्टर, प्रत्येक सेमला पाच-सहा जर्नलं. एकाच डायमधून इतक्या वेळा ओढल्यावर हात त्याच आकाराचा होणार. मग एक दिवस खरं रजिस्टर समोर येतं आणि हात विचारतही नाही. माझ्या हातानं विचारलं नाही.

माझी सीनिअर मला म्हणाली, ‘हे छापू नकोस, प्लेसमेंटला कोणी वाचलं तर?’ मी विचार केला. पण मग वाटलं, की ज्या काकांना शाळा सातवीत सोडावी लागली त्यांनी वासावरून जे ओळखलं, ते मी हातात मशीन असून ओळखलं नाही, कारण मी बघितलंच नाही. हे लपवून मी कुठल्या इंटरव्ह्यूत स्वतःला क्वालिटीमध्ये इंटरेस्टेड म्हणू?

या सेममध्ये मी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सचं जर्नल स्वतःच्या रीडिंगवर लिहिलं. तीन प्रयोगांत उत्तर चुकलं, एकात तर माझं पोलाद पितळेपेक्षा लेचंपेचं निघालं. सरांनी लाल शेरा मारला. मी परत जाऊन बघितलं, तर डायल गेजचा काटा शून्यावर नव्हता. तो दोन वर्षांपासून शून्यावर नव्हता. दोन वर्षं सगळ्यांचं उत्तर बरोबर येत होतं!

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कुठली तार हातात आली तर ती चकाकते का एवढंच बघू नका. कुणीतरी ती कशी ओढली असेल आणि कुणीतरी रजिस्टरमध्ये काय लिहिलं असेल, याचा एक क्षण विचार करा. आणि रीडिंग घेतलं नसेल तर रकाना कोरा सोडा. कोऱ्या रकान्याबद्दल फार तर ओरडा बसतो. भरलेल्या खोट्या रकान्याबद्दल कोणी ओरडतही नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही.

बघा पटतंय का. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. बाकीच्या माझ्याजवळच राहू देत.

– टीई मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल